बऱ्याच वर्षांनी पुन्हा इलेक्ट्रॉनिक्स : जुन्या पेटीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत

ज्यांनी विद्यार्थिदशेत बीसी५४७ (ट्रान्झिस्टर), ५५५ (टायमर) आणि ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) यांच्या संगतीत रात्री जागवल्या, पुढे नोकरी-संसाराच्या रेट्यात ज्यांचा हा नाद सुटला आणि आता थोडी उसंत मिळाल्यावर ज्यांचे हात पुन्हा शिवशिवू लागले आहेत, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. सोलापुरात अशी माणसे पुष्कळ भेटतात. कोणी तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत लागले, कोणी रेल्वेत गेले, तर कोणी घरच्या यंत्रमागाच्या धंद्यात शिरले. आपले ज्ञान आता कालबाह्य झाले, असे त्यांतील अनेकांना वाटते. हा समज निम्माच खरा आहे. ओहमचा नियम होता तिथेच आहे, १९७२ साली बाजारात आलेली ५५५ ही आयसी आजही नवी कोरी मिळते आणि तिचा सीमॉस अवतार तर २ व्होल्टवरही चालतो. बदलल्या आहेत त्या मुख्यतः तीन गोष्टी: ५ व्होल्टची जागा बहुतेक ठिकाणी ३.३ व्होल्टने घेतली, सुटे भाग डोळ्यांना दिसेनासे होईपर्यंत लहान झाले आणि खरेदीची पद्धत बदलली.

म्हणून परतणाऱ्याने नव्या वस्तूंची खरेदी करण्याआधी, पूर्वी नीट समजलेले एखादे सर्किट स्वतःच्या हाताने पुन्हा उभे करावे, असे माझे ठाम मत आहे. सर्किट ओळखीचे असेल, तर ते न चालण्याचे कारण हातात किंवा सामानात सापडते. सर्किटही नवे, बोर्डही नवा आणि प्रोग्रॅमही नवा असेल, तर दोष नेमका कुठे शोधावा हेच कळत नाही आणि आठवडाभरात सगळे सामान पुन्हा माळ्यावर जाते.

१. जुनी पेटी उघडणे

माळ्यावरची पेटी खाली काढल्यावर प्रथम त्यातील सेल शोधावेत. रेडिओत किंवा मल्टीमीटरमध्ये राहिलेले सेल फुटून पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी खपली धरलेली असते. अल्कलाइन सेलमधून बाहेर येणारा द्राव क्षारधर्मी असतो, म्हणून त्यावर कापसाच्या बोळ्याने थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावावा. आपल्याकडे पूर्वी सर्रास वापरले जाणारे साधे कार्बन-झिंक सेल मात्र आम्लधर्मी द्राव सोडतात, तिथे खाण्याच्या सोड्याचे पाणी उपयोगी पडते. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पट्टी बारीक पॉलिश पेपरने चमकवावी.

रेझिस्टर, डायोड आणि सिलिकॉन ट्रान्झिस्टर हे कोरड्या हवेत वर्षानुवर्षे टिकतात, आणि सोलापूरची हवा या बाबतीत कोकणापेक्षा फार दयाळू आहे. पाय काळे पडले असतील तर ब्लेडने हलके खरवडावेत, नाहीतर सोल्डर धरत नाही. संशय घ्यायचा तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर. ज्याचा माथा फुगला आहे किंवा बुडातून चिकट डाग आला आहे, तो थेट टाकून द्यावा. बाहेरून ठीक दिसणाऱ्या कपॅसिटरमध्येही अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर न वापरल्यामुळे कमकुवत झालेला असतो. त्यावर एकदम पूर्ण दाब (व्होल्टेज) दिला, तर गळती वाढून तो तापतो.

हा थर पुन्हा तयार करता येतो. समजा १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर आहे. त्याच्याशी एकसरीत (सिरीजमध्ये) १० किलोओहमचा रेझिस्टर जोडून ५ व्होल्टपासून सुरुवात करावी आणि दाब टप्प्याटप्प्याने २५ व्होल्टपर्यंत न्यावा. दर टप्प्यावर रेझिस्टरच्या दोन टोकांमधला दाब मोजत राहावे, कारण त्यावरूनच गळतीचा प्रवाह कळतो. अशा कपॅसिटरला साधारणपणे २५० मायक्रोअँपिअरपर्यंतची गळती मान्य असते, म्हणजे रेझिस्टरवर २.५ व्होल्ट. आकडा हळूहळू त्याखाली उतरला तर कपॅसिटर वाचला. तासाभरानंतरही उतरत नसेल तर त्याला निरोप द्यावा. काही रुपयांच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप परवडत नाही हे खरे, परंतु हाताला पुन्हा वळण लागावे म्हणून एकदा करून पाहण्यासारखी यापेक्षा चांगली कसरत मला माहीत नाही.

२. जागा, वीज आणि अर्थिंग

टेबल खिडकीजवळ असावे, पण दुपारचे ऊन त्यावर येऊ नये. खरी अडचण पंख्याची असते. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करून बसणे अशक्य, आणि डोक्यावरचा पंखा चालू असला की सोल्डर लवकर थंड होऊन डाग खडबडीत येतो. छताचा पंखा मंद ठेवावा आणि टेबलाच्या एका कडेला लहान पंखा असा ठेवावा, की तो धूर बाजूला ओढून नेईल पण वारा सांध्यावर येणार नाही. हा धूर शिशाचा नसतो, कारण सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. तो राळेचा असतो, आणि राळेचा धूर दम्याच्या माणसाला चांगलाच त्रास देतो.

घरच्या सॉकेटचे अर्थिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जेवढा दाब दिसतो, जवळजवळ तेवढाच फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिसला पाहिजे, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात एखाद-दोन व्होल्टच असावेत. आकडे याहून फार वेगळे आले, तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, म्हणून जुन्या घरांत त्या खड्ड्यात पाणी ओतण्याची पद्धत आहे आणि ती अगदी शास्त्रशुद्ध आहे. त्याबरोबरच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्वीच) घरात नसेल तर बसवून घ्यावा. तीस वर्षांपूर्वी आपण ज्या बेफिकिरीने उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडीने खोचायचो, ती बेफिकिरी आता वयाला शोभत नाही.

३. सोल्डरिंग आयर्न आणि मल्टीमीटर

जुना २५ वॅटचा दोन पिनांचा आयर्न अजून तापत असेल, तरी तो केवळ जाड वायरींसाठी ठेवावा. त्याच्या टोकाला अर्थिंग नसते आणि गळतीमुळे तिथे बऱ्यापैकी दाब तरंगत राहतो. प्रवाह नगण्य असल्याने आपल्याला तो जाणवत नाही, पण मॉसफेट या नाजूक ट्रान्झिस्टरचे गेट बिघडवायला तेवढा पुरतो. तापमान नियंत्रित, तीन पिनांचा, ६० वॅटच्या आसपासचा आयर्न ही परतणाऱ्याची पहिली आणि मोठ्यात मोठी खरेदी असावी. विकत घेतल्यावर टोक आणि प्लगची अर्थ पिन यांच्यामधला रोध मोजावा. तो एक-दोन ओहमच्या आत असला पाहिजे.

सोल्डर घेताना ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले, राळेचा गाभा असलेले, ०.८ मिलिमीटर जाडीचे घ्यावे. ते १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम गोठते. युरोपने २००६ मध्ये शिशावर बंधने घातल्यापासून कारखान्यांतून बाहेर पडणारे बहुतेक बोर्ड बिनशिशाच्या सोल्डरने जोडलेले असतात. ते २१७ अंशांच्या पुढे वितळते आणि त्याचा चांगला सांधाही मंद, राखाडी दिसतो, त्यामुळे नव्या बोर्डवरचा प्रत्येक फिका सांधा ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) समजून खरवडत बसू नये. हातात शिशाचे सोल्डर असेल तेव्हा टेबलावर चहा-फराळ आणू नये आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत.

हाताची सवय परत येण्यासाठी झिरो पीसीबीच्या (छिद्रांच्या कोऱ्या बोर्डच्या) एका तुकड्यावर जुने, निरुपयोगी रेझिस्टर ओळीने लावावेत. आयर्न ३३० अंशांच्या आसपास ठेवावा, टोकाला सोल्डरचा पातळ लेप द्यावा, ते टोक पाय आणि तांब्याचा पॅड या दोघांना एकाच वेळी टेकवावे आणि सेकंदभराने सोल्डर सांध्याला लावावे, टोकाला नव्हे. सांधा शंकूसारखा, कडेला पसरत गेलेला दिसला पाहिजे. गोळीसारखा उभा राहिला तर पॅड तापलेला नाही, असे समजावे.

मल्टीमीटरबाबत एक जुनी सवय मोडावी लागते. काट्याच्या मीटरमध्ये ओहमच्या पट्ट्यावर लाल वायर आतल्या सेलच्या ऋण टोकाला जोडलेली असे, त्यामुळे डायोड तपासताना आपण उलटा विचार करायला शिकलो होतो. डिजिटल मीटरमध्ये लाल वायर धनच असते. तसेच बाजारातल्या सर्वांत स्वस्त पिवळ्या मीटरचे १० अँपिअरचे छिद्र बहुधा फ्यूजविना असते. ते मीटर ५ व्होल्टच्या कामाला उत्तम, पण सॉकेटमध्ये घालण्यासाठी कॅट ३, ६०० व्होल्ट अशी सुरक्षिततेची नोंद असलेला चांगला मीटर वेगळा ठेवावा. ऑसिलोस्कोपची घाई करू नये.

डोळ्यांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते आणि ट्रान्झिस्टरवरचा क्रमांक वाचता येत नाही. गोल भिंग असलेला टेबल-लॅम्प घ्यावा. तो नसेल तेव्हा मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करून पाहणे, हा सर्वांत सोपा उपाय आहे.

४. सामान कुठून आणावे

नवी पेठेच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीमुळे फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा पदार्थ), सोल्डर विक (जास्तीचे सोल्डर शोषणारी जाळी), बारीक चिमटे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल सहज मिळते. सुट्या भागांची मोठी निवड हवी असेल, तर पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली अजूनही आहे, आणि सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री परत येता येते. हैदराबादशी ज्यांचे नातेसंबंध आहेत, त्यांना कोटीची गुजराती गल्ली ठाऊक असेलच. बाकी सर्व गोष्टी घरपोच येतात. घरपोच मागवलेल्या मालात नक्कल फार असते: एका क्रमांकाची आयसी घासून तिच्यावर दुसरा क्रमांक छापलेला असतो. ट्रान्झिस्टर आणि रेग्युलेटर आल्या दिवशीच मीटरने तपासावेत. तीस-चाळीस प्रकारच्या सेन्सरची आकर्षक पेटी मात्र मागवू नये, कारण त्यातले पाच वापरले जातात आणि उरलेले पुढच्या पिढीला माळ्यावर सापडतात.

५. वीजपुरवठा आणि सोलापूरचा उन्हाळा

जुन्या पेटीतला ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५ वापरून ५ व्होल्टचा पुरवठा करण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि तो चुकीचा नाही, मात्र उष्णतेचे गणित मांडून घ्यावे. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरनंतर ब्रिज (एसीचे डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटर लावल्यावर हलक्या भाराला सुमारे १५.५ व्होल्ट मिळतात. म्हणजे ७८०५ वर १०.५ व्होल्ट पडतात आणि केवळ १०० मिलिअँपिअर घेतले तरी ती सुमारे एक वॅट उष्णता सोडते. हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारी धातूची पट्टी) नसलेल्या ७८०५ चे आतले तापमान दर वॅटला सुमारे ६५ अंशांनी वाढते. खोलीत २५ अंश असतील तर ती नव्वदीत राहते. सोलापुरात खोलीच ४० अंशांवर असते तेव्हा ती शंभरी ओलांडते, आणि ५०० मिलिअँपिअर मागितल्यास स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. पुस्तकातल्या सर्किटला हीटसिंक दाखवलेला नाही म्हणून आपल्यालाही नको, असा निष्कर्ष सोलापुरात काढू नये.

जास्त प्रवाहासाठी एलएम२५९६ वर आधारलेले तयार बक मॉड्यूल (दाब उतरवणारा स्विचिंग रेग्युलेटर) वापरावे. ते फार कमी तापते. परंतु त्यावरचा लहान पोटेन्शिओमीटर कारखान्यातून कुठेही फिरवलेला असतो, म्हणून भार जोडण्याआधी मीटर लावून ५ व्होल्ट ठरवून घेतलेच पाहिजेत.

६. पहिले सर्किट : पाण्याच्या टाकीचा दर्शक

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत किती पाणी शिल्लक आहे हा घरातला नेहमीचा प्रश्न असतो. शिडी न चढता त्याचे उत्तर देणारे सर्किट घरच्यांच्याही पसंतीस उतरते, आणि ही गोष्ट छंद टिकण्याच्या दृष्टीने दुय्यम नाही.

या सर्किटला पुरवठा १.५ व्होल्टच्या तीन सेलचाच द्यावा. स्वस्त मोबाइल चार्जरला बाहेरून दोन पिना असल्या, तरी त्याच्या आतील कपॅसिटरमधून थोडी गळती पाण्यापर्यंत पोहोचते, आणि आतले इन्सुलेशन निकृष्ट असेल तर प्रकरण जिवावर बेतू शकते. सेलच्या धन टोकापासून एक पुश बटन घ्यावे. बटन दाबले की दिवे लागतील, सोडले की सगळे बंद. यामुळे सेल दीर्घकाळ चालतात, आणि पाण्यातून सतत एकदिश प्रवाह गेल्याने विद्युत-अपघटन होऊन सळया खाल्ल्या जातात, तेही टळते. तांब्याच्या उघड्या वायरी पाण्यात सोडू नयेत. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट किंवा सळया वापराव्यात.

रचना अशी आहे. एक सामाईक सळई टाकीच्या तळापर्यंत जाते आणि ती बटनानंतरच्या धन वायरीला १ किलोओहममधून जोडलेली असते. पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा चार उंचींवर चार सळया असतात. प्रत्येक सळई १० किलोओहममधून एका बीसी५४७ च्या बेसला जाते, बेस आणि एमिटर यांच्यात १०० किलोओहम, एमिटर ऋण वायरीला, आणि कलेक्टरपासून धन वायरीपर्यंत ३३० ओहम व लाल एलईडी एकसरीत. एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडत असल्याने तिच्यातून ७ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. सळयांमधल्या पाण्याचा रोध समजा २० किलोओहम धरला, तर बेसमध्ये सुमारे ०.१ मिलिअँपिअर येतो, आणि बीसी५४७ चे प्रवर्धन शंभराच्या पुढे असल्याने तेवढ्यात तो पुरता चालू होतो. बेस-एमिटरमधला १०० किलोओहम काहींना अनावश्यक वाटतो. पावसाळ्यात गच्चीपासून खाली येणाऱ्या लांब वायरीवर ओल धरली की तोच खोटे दिवे लागू देत नाही, म्हणून तो गाळू नये.

बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. हे मुद्दाम लिहिले, कारण परदेशी सर्किटांमध्ये २एन३९०४ असतो आणि त्याचा क्रम नेमका उलटा आहे. आकृती त्याची आणि ट्रान्झिस्टर आपला, असे झाले की तासन् तास वाया जातात.

सर्किट आधी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या फळीवर) उभारावे. जुन्या ब्रेडबोर्डच्या क्लिपा सैल झाल्या असतील तर तो न वापरलेला बरा, आणि मोठ्या ब्रेडबोर्डवर कडेच्या पुरवठ्याच्या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असू शकतात हे लक्षात ठेवावे. एकच टप्पा पूर्ण करून तो स्टीलच्या भांड्यात नव्हे, तर प्लास्टिकच्या मगात नळाचे पाणी घेऊन तपासावा. दिवा लागला नाही, तर शोध पुरवठ्यापासून सुरू करावा. बटन दाबून धन आणि ऋण वायरींमध्ये ४.५ व्होल्ट आहेत का ते पाहावे. असतील तर कलेक्टर आणि एमिटर एका वायरीने जोडावेत: दिवा लागला तर एलईडी व तिचा रेझिस्टर ठीक, न लागल्यास एलईडी उलटी आहे. पुढे बेसच्या १० किलोओहमचे मोकळे टोक धन वायरीला टेकवावे. दिवा लागला तर ट्रान्झिस्टरही ठीक, मग दोष सळयांत किंवा त्यांच्या वायरीत. या वेळी बेस-एमिटरमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसले पाहिजेत. पूर्ण ४ व्होल्टच्या घरात दिसत असतील तर आतला जोड उघडला आहे, शून्य दिसत असेल तर तो शॉर्ट आहे. एवढी तपासणी न अडखळता करता आली, की सुटलेला धागा पुन्हा हाती आला असे खुशाल समजावे.

मग उरलेले तीन टप्पे झिरो पीसीबीवर उतरवावेत. गच्चीवरचे सांधे जंक्शन बॉक्समध्ये घ्यावेत, वायर पाइपमधून न्यावी, कारण उघडी पीव्हीसी वायर काही उन्हाळ्यांत तडकते.

७. त्याच टाकीवर मायक्रोकंट्रोलर

आता नव्या जगात शिरायला हरकत नाही. एटी८९सी५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरमध्ये ४ किलोबाइट प्रोग्रॅम आणि १२८ बाइट रॅम एवढ्यावर ज्यांनी काम भागवले, त्यांना ५२० किलोबाइट रॅम, २४० मेगाहर्ट्झ आणि वर वायफाय देणारा ईएसपी३२ पाहून थोडे ओशाळल्यासारखे होते. प्रोग्रॅमसाठी वेगळा प्रोग्रॅमर लागत नाही, यूएसबी केबल पुरते. पण ही केबल फक्त चार्जिंगची असेल, तर संगणकाला बोर्ड दिसतच नाही, आणि ड्रायव्हर पुन:पुन्हा टाकूनही उपयोग होत नाही. म्हणून आधी केबल बदलून पाहावी. पहिल्या संध्याकाळी फक्त एलईडी लुकलुकवावी आणि सीरियल मॉनिटरवर एक ओळ छापावी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे या टप्प्यावर उपयोगी पडतात.

टाकीसाठी जलरोधक अल्ट्रासॉनिक सेन्सर घ्यावा, बाजारात तो जेएसएन-एसआर०४टी या नावाने मिळतो. तो झाकणाच्या आतून खाली तोंड करून बसवायचा. त्याला अगदी जवळचे दिसत नाही, म्हणून पूर्ण भरलेल्या पाण्याची पातळी आणि सेन्सर यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे. एवढी जागा टाकीत नसेल, तर झाकणावर पाइपचा तुकडा बसवून सेन्सर उंच करावा.

इथे ३.३ व्होल्टचा प्रश्न येतो. सेन्सर ५ व्होल्टवर चालवला की त्याचा एको सिग्नलही (प्रतिध्वनी आल्याचे कळवणारा) ५ व्होल्टचा असतो, आणि ईएसपी३२ ची पिन तेवढ्यासाठी बनवलेली नाही. जुन्या पेटीतले १ किलोओहमचे तीन रेझिस्टर एकसरीत जोडावेत, वरच्या टोकाला एको, खालच्या टोकाला ग्राउंड, आणि वरून पहिल्या रेझिस्टरनंतरचा बिंदू पिनला. तिथे ५ चे दोन-तृतीयांश, म्हणजे ३.३३ व्होल्ट मिळतात. उलट दिशेला, ईएसपी३२ कडून सेन्सरला जाणारा ट्रिगर सिग्नल ३.३ व्होल्टचा असला, तरी सहसा पुरतो. वायफाय चालू होताना ईएसपी३२ क्षणभर बराच प्रवाह ओढतो आणि पुरवठा बारीक वायरीतून येत असेल तर बोर्ड वारंवार रीसेट होतो. बोर्डच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास हा त्रास बहुधा थांबतो.

उन्हाचा परिणाम मापावरही होतो. ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, तर ४२ अंशांना तो ३५७ मीटरच्या जवळ जातो. प्रोग्रॅममध्ये ३४३ हा आकडा तसाच ठेवला, तर पाणी एक मीटर खाली असताना सेन्सर ते ९६ सेंटिमीटरवर असल्याचे सांगतो, म्हणजे टाकीत आहे त्यापेक्षा चार सेंटिमीटर पाणी जास्त दिसते. आणि ही चूक टाकी रिकामी होत आल्यावरच सर्वांत मोठी असते. तापमानासाठी डीएस१८बी२० हा सेन्सर ४.७ किलोओहमच्या पुल-अपसह (सिग्नलची वायर पुरवठ्याला जोडणाऱ्या रेझिस्टरसह) जोडून वेग दर वेळी काढावा: ३३१.३ मध्ये तापमानाची ०.६ पट मिळवायची.

बोर्ड स्वतः मात्र गच्चीवर ठेवू नये. बंद प्लास्टिकच्या डब्यातले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच वर जाते, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्मे होते. जिन्याच्या सावलीत डबा बसवावा आणि कपॅसिटर १०५ अंशांचे घ्यावेत. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, असे त्यांचे उत्पादक सांगतात. गच्चीवर ही मर्यादा एप्रिलमध्येच ओलांडली जाते, म्हणून सौर पॅनल आणि १८६५० आकाराचा लिथियम-आयन सेल ही जोडी इथे मोहक असली तरी टाळावी.

८. बारीक सुटे भाग आणि पीसीबी

एसएमडीची (बोर्डच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या बारीक भागांची) भीती अनाठायी आहे. सुरुवात १२०६ आकारापासून करावी, तो ३.२ बाय १.६ मिलिमीटरचा असतो आणि भिंगाखाली आरामात हाताळता येतो. एका पॅडवर थोडे सोल्डर घ्यावे, फ्लक्स लावावा, चिमट्याने भाग धरून तो पॅड पुन्हा वितळवावा, भाग सरळ झाला की दुसरी बाजू जोडावी. रेझिस्टरवर १०३ म्हणजे १० किलोओहम असे आकडे असतात, पण सिरॅमिक कपॅसिटरवर बहुधा काहीच लिहिलेले नसते, त्यामुळे पुड्या एकमेकांत मिसळू देऊ नयेत. नेलपॉलिशने रेघा ओढून फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड हलवत बसण्याची आणि कपड्यांवर पिवळे डाग पाडून घरच्यांची बोलणी खाण्याची गरज आता उरलेली नाही. किकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आराखडा करून फाइल पाठवली की छापील बोर्ड घरी येतात.

९. दुरुस्तीची कामे : होकार आणि नकार

टेबलावर दिवा लागलेला दिसला की शेजारीपाजारी वस्तू घेऊन येतात. उन्हाळ्यात सर्वाधिक येतो तो हळू फिरणारा छताचा पंखा. बेअरिंग मोकळे असेल तर दोष बहुधा कपॅसिटरचा असतो. मुख्य स्वीच बंद करून, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करून तो मीटरवर मोजावा. वर २.५ मायक्रोफॅरड लिहिले असून मीटर २ च्या खाली दाखवत असेल, तर त्याच मूल्याचा आणि ४४० व्होल्टचा नवा लावावा.

अ‍ॅडॅप्टर किंवा इतर एसएमपीएस (स्विचिंग वीजपुरवठा) दुरुस्त करताना १०० वॅटचा साधा सिरीज बल्ब (मेनच्या वायरीत एकसरीत जोडलेला तंतूचा बल्ब) वापरावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. वीज बंद केल्यावरही मुख्य कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत दाब उरतो. प्लग काढून तो २.२ किलोओहमच्या १० वॅट वायरवाउंड रेझिस्टरमधून उतरवावा आणि मीटरने खात्री करूनच बोट लावावे. एलईडी बल्बमध्ये एक एलईडी गेली की एकसरीतली सगळी माळ विझते, म्हणून ते काम सोपे वाटते. परंतु त्यांतील बहुतेकांचा ड्रायव्हर मेनपासून विलग केलेला नसतो, आणि चालू बल्बच्या पट्टीला हात लागणे म्हणजे थेट सॉकेटला हात लागण्यासारखेच आहे. तो बंद असतानाच तपासावा.

मायक्रोवेव्ह ओव्हन घेऊन कोणी आले, तर त्याला कंपनीच्या सेवा केंद्राकडे पाठवावे. त्याच्या उच्च दाबाच्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो, वर सांगितलेला मीटर आणि त्याच्या वायरी त्यासाठी बनवलेल्या नाहीत, आणि ओळखीच्या माणसाचा आग्रह कितीही असला तरी झाकणाचा स्क्रू उघडू नये.